किरकोळ रजा

मार्च लागला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एकच निरोप येतो. यंदाही आला. 'परीक्षा कालावधीत कोणत्याही कर्मचाऱ्याची कोणत्याही प्रकारची रजा मंजूर केली जाणार नाही, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.' त्याखाली पंधरा मिनिटांत सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. मीही टाकलं. गांभीर्याने नोंद घ्यायची आमची पद्धत हीच आहे. पण त्या निरोपातल्या एका शब्दापाशी माझी नजर अडकते ती अडकतेच, आणि मग दिवसभर तोंडाची चव जाते. तो शब्द म्हणजे 'रजा'. हा शब्द मला ज्यांनी नीट समजावून सांगितला, त्यांच्या नावापुढे मीच तो लिहिला आणि त्यांचं नाव घाण केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

ते म्हणजे राऊत सर. वेवजीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. २०१४ साली माझी तिथे बदली झाली तेव्हा ते आधीपासून होते. मी नरपडची. सकाळी स्कूटी काढायची, बोर्डी, झाई, उंबरगाव करत जायचं. म्हणजे रोज महाराष्ट्रातून निघून गुजरातेत शिरायचं आणि पुन्हा महाराष्ट्रात उगवायचं. उंबरगाव आलं की फोन गुजरातमध्ये स्वागत करायचा आणि शाळेच्या दारात पोचलं की त्याला आपण नक्की कुठे आहोत हेच कळायचं नाही. आवारातल्या चिंचेखाली उभं राहिलं तरच बोलता यायचं. राऊत सर आशागडहून मोटारसायकलवर आतल्या रस्त्याने यायचे. अंगाने बारीक, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग, आणि कपाटात खाकी कव्हर घातलेला एक जाडजूड जुना शब्दकोश. शाळेच्या दप्तरातलं काहीही हरवलं तरी त्यांना फरक पडायचा नाही, कोशाला हात लावण्याआधी मात्र मुलांना हात धुवायला लागायचे.

कागदपत्रांचा त्यांना मनापासून कंटाळा. म्हणून ज्येष्ठ असूनही त्यांनी मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्या गळ्यात घातला होता. "सही तुमची, शिकवणं माझं," म्हणायचे. मला तेव्हा बरं वाटलं होतं. माणसाला सही करायला मिळाली की बरं वाटतंच.

दुपारी मुलांची खिचडी झाली की ते एखादा शब्द काढून बसत. नाक्यावर गाडीचे कागद दाखवावे लागतात, शब्दाला कोणी अडवत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आमच्या भागात ते दिसायचंही. बाजारात बोलताना माणूस मराठीत सुरू करतो, भावाला गुजराती होतो, भांडणात हिंदी होतो आणि घरी जाताना आपल्या पाड्याच्या बोलीत हसतो. एका दुपारी, बहुतेक २०१५ च्या श्रावणात, मी रजेचा अर्ज लिहीत होते आणि त्यांनी विचारलं, "बाई, हा शब्द कुठून आलाय माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मला फक्त रजेचे प्रकार माहीत होते. किरकोळ, अर्जित, वैद्यकीय, बिनपगारी.

त्यांनी कोश काढला नाही, तोंडपाठ होतं. हा शब्द मुळात अरबी. तिथे 'रिदा' म्हणजे समाधान, मनाची तृप्ती, आहे त्याला मनापासून हो म्हणणं. फारसीतून येताना उच्चार बदलला. उर्दूत 'रज़ा' झाली. तिथे ईश्वराची इच्छा तीही रज़ा आणि माणसाने त्या इच्छेला दिलेली मान्यता तीही रज़ा. गुजरातीत आली ती परवानगी होऊन, मग सुट्टी होऊन. मराठीत पूर्वी मोठ्यांचा निरोप घेताना 'रजा घेतो' म्हणायचे, आणि नोकराला काढून टाकलं तरी त्याला 'रजा दिली' म्हणत. सर पुढे म्हणाले की हिची भावंडंही आपल्याच घरात राहतात, आपण ओळखत नाही एवढंच. राजी. नाराज. मर्जी. सगळी एकाच आईची लेकरं. राजीनामासुद्धा. तो मुळात राजीखुशीचा कागद, म्हणजे समेटाचा. हिंदीत अजून तोच अर्थ आहे. आपण मात्र त्यावर सही करून नोकरी सोडतो.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, "निघाली तेव्हा समाधान होती. आपल्या हातात येईपर्यंत किरकोळ झाली."

मी हसले आणि अर्ज पुरा केला. 'माझ्या घरगुती अडचणीमुळे' हे वाक्य मी तोवर इतक्या वेळा लिहिलं होतं की पेन आपणहून चालायचं. अडचण खरी होती. नरपडला माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं करायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला लाडकी यायची. पाड्यावरचीच, तिशीतली, कामाला वाघीण आणि बोलायला तोलूनमापून. तिलाही हा शब्द ठाऊक होता, पण उलट्या बाजूने. तिचा नवरा उंबरगावच्या एका कारखान्यात जायचा. तो कुणाच्या लग्नाला का आला नाही, आजारी पोराला घेऊन दवाखान्यात का गेला नाही, असं विचारलं की ती म्हणायची, "शेठ रजा नाय देत." तिच्या लेखी रजा म्हणजे शेठच्या खिशात असलेली एक वस्तू, जी तो देत नाही. ती स्वतः कधी रजा मागायची नाही. आदल्या दिवशी भांडी घासून पालथी घातली की सांगायची, "बाई, मी उद्या नाय येन." ते मागणं नव्हतं, सांगणं होतं. आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच यायची नाही. इतक्या सरळ रीतीने न येणारी दुसरी व्यक्ती मी सरकारी खात्यात पाहिलेली नाही.

ती न येण्याचे दिवस म्हणजे मोहाचे दिवस. मार्चच्या मध्यापासून झाडाखाली पहाटे मोह पडतो. पिवळट, मांसल, चिकट फुलं. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून अख्खा पाडा उजाडायच्या आत टोपल्या घेऊन बाहेर. शाळेच्या वाटेवरचा पाचोळा जाळून झाडाखालची जमीन साफ केलेली असायची, त्या राखेचा वास आणि मोहाचा गोड-आंबूस वास एकत्र येऊन नाकात बसायचा. घरी आल्यावर साडीलाही यायचा. नेमकी त्याच दिवसांत आमची सकाळची शाळा सुरू होते. मोहाच्या हंगामात सात वाजता शाळा भरवायची, हे ज्याने ठरवलं तो पाड्यावर एकदाही झोपला नसावा. चाळीस मुलांतली बारा-पंधरा समोर, बाकीची झाडाखाली. राऊत सर मोटारसायकल घेऊन झाडाझाडाखाली जायचे, पोरांच्या टोपल्या स्वतः अर्ध्या भरून द्यायचे आणि मग त्यांना घेऊन यायचे. आठ वाजता शाळेत येणाऱ्या पोरांच्या बोटांना चिकट मोह आणि सरांच्याही. हजेरीपटावर तो चिकटपणा उमटायचा. त्याबद्दल मी त्यांना दोनदा बोललेही होते, कारण पट माझ्या चार्जमध्ये होता.

आता एका खणाबद्दल सांगते. कपाटाच्या वरच्या खणात, कंपासपेटीखाली, दोन अर्ज होते. एक माझा, एक त्यांचा. दोन्ही किरकोळ रजेचे, पूर्ण लिहिलेले, सही केलेले, फक्त तारखेची जागा मोकळी. हे वाचून कुणी नाक मुरडेल, तर त्याने आधी एखाद्या दोन शिक्षकांच्या शाळेत एक वर्ष काढावं. एखाद्याला यायला उशीर झाला, गाडी पंक्चर झाली, घरी काही अचानक झालं आणि नेमका साहेब आला, तर दुसऱ्याने तारीख टाकायची. साहेब आला नाही तर दुसऱ्या दिवशी येऊन पटावर सही करायची आणि अर्ज जिथल्या तिथे. एखादा कधी वापरला गेला की लगेच नवा लिहून ठेवायचा. हे मी शोधून काढलेलं नाही, कुठल्या एका शाळेचंही नाही. जिथे माणसं कमी आणि तपासण्या जास्त, तिथे ते आपोआप उगवतं.

माझा अर्ज आईच्या पायी महिन्या-दोन महिन्यांनी नवा लिहावा लागायचा. राऊत सरांचा कागद मात्र मी रुजू झाले त्या वर्षीचाच होता. पिवळा पडत चालला होता. घडीवर फाटायला आला होता. त्यांनी तो कधी वापरलाच नव्हता.

२०१६ च्या मार्चअखेरीला, परीक्षेच्या आदल्या दिवशीची सकाळ. मी पावणेसातला पोचले. लाडकी आलेली नव्हती, मोहाला गेली होती. सरही दिसले नाहीत, मला वाटलं पोरं गोळा करत असतील. प्रश्नपत्रिका अजून केंद्रशाळेतून आणायच्या होत्या. पाळी माझी होती, अधिकारपत्रही माझ्या नावाचं होतं. केंद्रशाळा हायवेच्या पलीकडे. आदल्या दिवशी शाळा सुटताना मी एवढंच बोलले होते की दुपारच्या उन्हात स्कूटीने हायवे ओलांडायचा म्हणजे जिवावर येतं. सर तेव्हा कोश कपाटात ठेवत होते.

सव्वासातला जीप आली. विस्तार अधिकारी उतरले. पट बघितला, मुलं मोजली, मग खुर्चीत बसून म्हणाले, "राऊत कुठे?"

मी चिंचेखाली जाऊन फोन लावला. नुसतीच रिंग जात होती. त्यांचा उलट फोन आला तर लागावा म्हणून मोबाइल तिथेच बुंध्याशी ठेवला. परत आले. साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, परीक्षा तोंडावर आहे. विनापरवाना गैरहजर दाखवू का?"

पोरं गोळा करायला गेलेत असं सांगावं, तर मलाच खात्री नव्हती. "रजेवर आहेत, साहेब," मी म्हटलं.

"अर्ज?"

मी कपाटापाशी गेले, पाठमोरी उभी राहून तारीख टाकली आणि खाली 'मंजूर' लिहून सही केली. पटावर त्यांच्या रकान्यात 'कि. र.' लिहिलं. दोन अक्षरं आणि दोन टिंबं. साहेबांनी शेरेपुस्तकात लिहिलं, 'श्री. राऊत किरकोळ रजेवर.' अर्जाच्या पिवळ्या कागदाकडे त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं आणि पुस्तक मिटलं. मला अगदी हुशार झाल्यासारखं वाटलं. सहकाऱ्याला वाचवलं याचं समाधान वाटलं.

साहेब गेल्यावर अर्ध्या तासाने चिंचेखालून एक मुलगी फोन वाजतोय म्हणून मला बोलवायला आली. केंद्रप्रमुख बोलत होते. राऊत सर साडेसहालाच त्यांच्या दारात हजर झाले होते. "आमच्या बाईंचे पेपर मी नेतो, त्यांना उन्हाचा त्रास होतो," म्हणाले. अधिकारपत्र नव्हतं, पण इतक्या वर्षांची ओळख. केंद्रप्रमुखांनी गठ्ठा दिला. परतताना हायवेच्या कटवर ट्रकने त्यांना उडवलं. माणसं त्यांना उचलून गुजरातच्या बाजूच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, कारण जवळचा तोच. पिशवी त्यांच्या गळ्यातच होती. तिसरी-चौथीच्या प्रश्नपत्रिका रस्त्यावर विखुरल्या होत्या, त्या कोणीतरी गोळा करून पोलिसांकडे दिल्या.

साहेब तेव्हा फार तर पुढच्या शाळेत पोचले असतील. मी स्कूटी काढून त्यांच्या मागे गेले असते, जीप अडवून सांगितलं असतं, तर ती दोन अक्षरं तिथेच खोडली गेली असती. मी स्कूटी काढली ती दवाखान्याकडे. ते चूक होतं असं अजूनही म्हणवत नाही. पण जाताना वाटेत दुसरी एक शाळा लागली, तिच्या आवारात ती जीप उभी होती, आणि मी वेग कमी केला नाही.

दवाखान्यात सर नऊ दिवस होते. हंसावहिनी, त्यांची बायको, रोज त्यांच्या उशाशी. वहिनींचं माहेर उंबरगावचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी त्यांचं मराठी गुजरातीच्या मांडीवर बसलेलं असायचं. मला त्या बेन म्हणायच्या. डॉक्टर फेरीला आले की त्यांचा एकच प्रश्न, "साहेब, रजा क्यारे आपशो?" रजा कधी देणार, म्हणजे घरी कधी सोडणार. तिकडे दवाखान्यातून सोडतात त्यालाही रजाच म्हणतात. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, रविवारी बघू. वहिनींनी तेवढ्यावर शेजारच्या खाटेवाल्यांना केळी वाटली.

सहाव्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. सर शुद्धीत होते, कुशीवर वळता येत नव्हतं एवढंच. मी सांगितलं. साहेब आले होते, मी तारीख टाकली, तुम्ही रजेवर आहात.

ते म्हणाले, "ठरल्याप्रमाणेच केलंत. मी असतो तर तुमचीही टाकली असती."

"पण तुम्ही कामावर होता सर. माझ्या कामावर."

"बरा होऊन येतो. मग दोघं जाऊन सांगू साहेबांना. एकटीने जाऊ नका, तुम्हाला लटकवतील." मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "हिला ऐकलंत ना, रोज डॉक्टरला रजा मागते. इथे रजा म्हणजे घरी जाणं. हा अर्थ मी तुम्हाला सांगायचा राहिला होता, बाई. सगळ्यात चांगला हाच."

शनिवारी सकाळी रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि ते गेले. मी पोचले तेव्हा वहिनी वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मांडीवर सरांचे घरी जाताना घालायचे इस्त्रीचे कपडे होते.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पत्र आलं. आमच्या पत्रांची भाषा एकदा ऐकाच. 'सदर शिक्षक किरकोळ रजेवर असताना, कोणतेही अधिकारपत्र नसताना, गोपनीय प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या ताब्यात कसा आला व तो ते कोठे व कोणत्या हेतूने नेत होते, याबाबत आपला स्वयंस्पष्ट खुलासा सादर करावा.' पोलिसांच्या पंचनाम्यात प्रश्नपत्रिका होत्या. आमच्या पटावर रजा होती. दोन कागद एकमेकांसमोर ठेवले की मधला माणूस चोर ठरतो, त्यात कुणाची काही अक्कल लागत नाही. तिसरी-चौथीचे पेपर ते. बेरीज-वजाबाकी आणि गाईवर पाच ओळी. ते फोडून कोण कुणाला देणार होतं? ज्या पोरांना परीक्षेला यावं म्हणून झाडाखालून गोळा करून आणावं लागतं, त्यांना? पण असं कागदावर विचारायची सोय नसते.

मी केंद्रप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मी पत्राशिवाय गठ्ठा दिला असं लिहिलं तर माझं काय होईल? मी लिहिलंय की पेपर घाईगर्दीत त्यांनी परस्पर उचलले. तुम्ही तुमचं बघा." त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं असतंच.

मी माझं बघितलं. तीन रात्री झोप नाही, आणि चौथ्या दिवशी खुलासा लिहिला. तो अख्खा पाठ आहे. 'श्री. राऊत यांनी रीतसर अर्ज करून रजा घेतली होती. सदर प्रश्नपत्रिकांची बाब माझ्या माहितीत नाही.' खरं लिहिलं असतं तर खोटा अर्ज, खोटी नोंद, साहेबांची दिशाभूल. निलंबन तर नक्कीच. आईच्या औषधांचं कारण मी तेव्हा स्वतःला पुढे केलं. ते कारण खोटं नव्हतं. पण २०१७ च्या थंडीत आई गेली, कारण संपलं, आणि तरी मी पेन उचललं नाही. तेव्हा कळलं की भीतीला कारण लागत नव्हतं, ते मी तिला नेसवलं होतं.

तालुक्याच्या शिक्षकांच्या बैठकीत त्यांना श्रद्धांजली वाहायचं घाटत होतं. 'चौकशी प्रलंबित आहे' म्हणून ती राहून गेली. दोन मिनिटं उभं राहायचं होतं फक्त. मी त्या बैठकीला होते. कोणी उभं राहिलं नाही, मीही नाही. आशागडात लोक वहिनींसमोर बोलायचे थांबले आणि पाठीमागे बोलू लागले. "पेपर फोडायचे म्हणे." ज्या माणसाने आयुष्यात चहाचा कपही फोडला नसेल.

वहिनी एकदा शाळेत आल्या होत्या. एस.टी. बदलत, उन्हात. लाडकीने त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली, सरांची बायको म्हणून. वहिनी मला म्हणाल्या, "बेन, मला बीजुं काय नको. फक्त एवढं लिहा, ते शाळेच्या कामाला गेलेले. पेपर चोरायला नाय गेलेले. मुलीला सासरी लोक विचारतात."

"बघते वहिनी," मी म्हटलं.

'बघते' हा शब्द आपला खास मराठी. तो कुठून आला हे सरांना विचारायचं राहून गेलं, पण तो कुठेच जात नाही एवढं मला समजलं आहे. वहिनी गेल्यावर लाडकी भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "बाई, गुरजी त्या दिशी रजेवर कां होते? माझ्या पोराला तर त्यांनी आदल्या दिशी सांगलेलं, उद्या लवकर ये, उजळणी घेन." मी पट काढून काहीतरी लिहायचं नाटक केलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ती मला 'उद्या नाय येन' असं सांगेनाशी झाली. नुसती यायची नाही.

पुढे माझी बदली झाली, डहाणूजवळ, घराजवळ. सगळे म्हणाले, सुटलात. आता शाळेत सहा शिक्षक आहेत, फोनला रेंज आहे आणि मोहाचं एकही झाड नाही. तरी मार्चमध्ये सकाळच्या शाळेची घंटा झाली की माझं लक्ष बोटांकडे जातं.

मागच्या आठवड्यात हंसावहिनी घरी आल्या. आशागडचं घर बंद करून त्या उंबरगावला भावाकडे कायमच्या चालल्या होत्या. टेम्पो रस्त्यावर उभा होता, त्यात गादी आणि कपाट दिसत होतं. आत आल्या, पण बसल्या नाहीत. पिशवीतून सरांचा कोश काढला, खाकी कव्हरसकट, आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, भावाकडे मराठी कोण वाचणार.

मग शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी मने सगळं सांगितलेलं, बेन. दवाखान्यातच. तारीख तुम्ही टाकली ते. बोलले, बाईंची आई पथारीवर आहे, त्यांची नोकरी जायला नको, तू कुठे बोलू नको. मी नाय बोलली. साहेब लोक घरी आले, तेव्हा पण नाय बोलली. मुलीने विचारलं, तिला पण नाय. मला वाटलं, तुम्ही तुमच्या मनाने लिहाल. आज लिहाल, उद्या लिहाल. तीन वरस झाले."

मी म्हटलं, "बसा ना वहिनी, चहा टाकते."

"ना बेन. गाडी उभी छे." त्यांनी हात जोडले. "चालो. रजा आपो." तिकडची रीत आहे, घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. त्या उंबऱ्यात थांबून राहिल्या. माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या, निदान चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ज्या बाईचं मी एवढं वाटोळं केलं ती माझ्या परवानगीसाठी खोळंबली होती, आणि मी मान हलवली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी खुलासा लिहायला बसते. मायना लिहून होतो. विषय लिहून होतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंतही जाते. पुढच्या ओळीला हात थांबतो, कारण तिच्याखाली सही करावी लागणार. त्याऐवजी हे लिहून झालं. याला आवक क्रमांक पडत नाही, यावर निलंबन होत नाही. उलट वाचणारे म्हणतील, बाईंनी किती मोकळेपणाने लिहिलंय. आणि तिकडे कचेरीतल्या फायलीत राऊत सर अजूनही पेपर चोरून नेताना ट्रकखाली आलेले आहेत.